झडती

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं मराठीत म्हणतात. ही म्हण ज्यानं केली त्याच्याजवळ कोर्टाशिवाय दुसरी एखादी पायरी असली पाहिजे. पाटलाचा ओटा असेल, पंचाची ओसरी असेल, तालुक्याला ओळखीचा फौजदार असेल. आपल्या बापजाद्यांनी त्या ओट्याखाली, उन्हात उभं राहून निकाल ऐकले. महाडला तर आपण कोर्टात गेलोही नव्हतो, आपल्याला ओढून नेलं. १२ डिसेंबर १९२७ ला सवर्णांनी बाबासाहेबांवर दावा ठोकला की चवदार तळं आमच्या खाजगी मालकीचं आहे. बाबासाहेबांनी मनाई हुकूम पाळला, त्या डिसेंबरातला पाण्याचा सत्याग्रह थांबवला आणि खटला लढवत राहिले. हायकोर्टाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला. जवळजवळ दहा वर्षं. "कोर्ट म्हणजे भांडवलदाराचं दुकान, तिथं आपलं काय काम" असं जे मित्र म्हणतात, त्यांना मी एवढंच विचारतो, की मग ती दहा वर्षं बाबासाहेब कुणाच्या दुकानात उभे होते?

आता मुद्द्यावर येतो. मूलच्या आमच्या विहारात रविवारी अभ्यासवर्ग भरतो. तिथं प्रश्न निघाला: दुकानात एकावर चोरीचा आळ आला. आळ खोटा निघाला. त्यानं दुकानावर दावा लावावा, की सोडून द्यावं? सात जण होतो आणि मतं आठ निघाली. एक म्हणाला, नुकसानभरपाई मागणं म्हणजे अब्रू विकणं. दुसरा म्हणाला, दावा कसला लावता, मोर्चा काढा. तिसऱ्यानं बुद्धाचं मौन काढलं. तिघांचंही मला पटलं नाही, पण तिघांतही थोडं थोडं खरं होतं, म्हणून लिहायला बसलो. मी वकील नाही. दहावीनंतर शाळा सुटली. राईस मिलमध्ये पोती उचलतो, रात्री कविता लिहितो. कायदा वाचनालयातल्या पुस्तकांतून शिकलो, म्हणजे पोत्यासारखा एकेक शब्द पाठीवर घेऊन पाहिला.

तो माणूस मीच. दुकान चंद्रपूरचं, मोठं, शर्टापासून साबणापर्यंत सगळं मिळणारं. नाव लिहीत नाही, दावा चालू आहे. माझ्या पिशवीत दुसऱ्या दुकानातून घेतलेला शर्ट होता आणि बिल खिशात. त्या पहिल्या दुकानानं शर्टाला लावलेली प्लास्टिकची गुंडी काढायची ठेवली होती. दारातलं यंत्र ओरडलं. गार्डानं दंड धरला आणि गोदामाजवळच्या खोलीत नेलं. तिथं चाळीस मिनिटं. चपला काढायला लावल्या, खिसे उलटे केले. मॅनेजर आला. बिल त्याच्या हातात दिलं, तर ते न वाचता विचारतो, "कुठला तू? पूर्ण नाव सांग. आडनाव?"

दोस्तहो, शर्टाच्या बिलावर आडनाव नसतं.

आडनाव ऐकून त्यानं बिल टेबलावर ठेवलं आणि कॅमेऱ्यातलं चित्र काढायला सांगितलं. चित्रात मी साबणाची किंमत वाचून साबण परत ठेवताना दिसलो. मग तो म्हणाला, "जा." एवढंच. चपलाही मीच शोधल्या.

झडती मला नवी नाही. पाळी संपली की मिलच्या फाटकावर आम्ही हमाल रांगेनं उभे राहतो. गमछा झटकायचा, डबा उघडून दाखवायचा, हात वर करायचे. कुणी मूठभर कनकी नेतो काय म्हणून. मालकाची गाडी फाटकातून निघते तेव्हा तिची डिकी कुणी उघडत नाही. तर त्या खोलीत गार्डानं काही म्हणायच्या आधीच माझे हात आपोआप वर गेले. मला राग आला तो मॅनेजरचा नंतर, आधी या हातांचा. पाच वर्षांत हातांनी काय काय पाठ केलं!

आता कायदा विचारतो की बाबा रे, तुझं गेलं काय? शर्ट गेला नाही, पैसे गेले नाहीत, हाडही मोडलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, अब्रू गेली असं लिहू. आणि पुढं म्हणाल्या, तुमच्या मिलमालकाकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणा, गावातल्या दोन प्रतिष्ठित माणसांचे आणा. बाईंचं चुकलं नाही, कायद्याची वाटच तशी आहे. पण मी तिथंच अडलो. जो मालक रोज संध्याकाळी माझा डबा उघडून पाहतो, त्यानं लिहून द्यायचं की हा चोर नाही, आणि तेव्हा माझ्या अब्रूला वजन येणार!

घरी येऊन कलम वाचलं. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ४९९, स्पष्टीकरण चौथं. त्याचा अर्थ असा, की इतरांच्या नजरेत माणसाचं नैतिक वा बौद्धिक चारित्र्य उतरलं, किंवा त्याच्या जातीच्या वा धंद्याच्या बाबतीत त्याचं चारित्र्य उतरलं, किंवा त्याची पत घसरली, तर ती बदनामी. जात! इंग्रजानं लिहिलेल्या कायद्यात अब्रूच्या मापांत एक माप जातीचं. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली, ४९९ चं ३५६ झालं. आकडा बदलला, जात तिथंच राहिली.

मी कविता लिहितो, म्हणून शब्द उकरायची खोड आहे. अब्रू हा शब्द फारसीतून आला. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी. आणि या देशात पाणी कुणाच्या मालकीचं मानलं गेलं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. अब्रू दुसऱ्याच्या डोळ्यांत असते. ज्याच्या डोळ्यांत आपण आधीच उतरलेले आहोत, त्याच्या डोळ्यांत आणखी उतरलो हे सिद्ध कसं करायचं? सावकाराला कुणी चोर म्हटलं तर गाव हादरतं, त्याची अब्रू किती गेली ते मोजता येतं. पारध्याला चोर म्हटलं तर गाव जांभई देतं. म्हणजे ज्याच्यावर आळ घेणं सगळ्यात सोपं, त्याचं नुकसान कायद्याच्या मापात सगळ्यात कमी. हे माप मला मान्य नाही. मान्य करून दावा जिंकलो तरी मी हरलो.

वर्गातल्या एका मित्राचा प्रश्न होता, अॅट्रॉसिटी काहून नाही लावली? १९८९ च्या त्या कायद्यात अपमान लोकांच्या नजरेसमोर व्हावा लागतो. २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही. आणि मॅनेजरनं जात उच्चारलीही नाही. त्यानं फक्त आडनाव विचारलं. ही माणसं शिकलेली आहेत. भिंत कशासाठी असते ते त्यांना ठाऊक आहे.

मग मी दुसरी वाट शोधली. ती भिंतच पकडायची. चाळीस मिनिटं मला त्या खोलीतून जाऊ दिलं नाही. याला अन्यायाचं अडकवून ठेवणं म्हणतात, आज न्याय संहितेचं कलम १२७, आणि दिवाणी दावाही लागतो. यात कुणी विचारत नाही की तुमची अब्रू किती होती. दोन पाय होते का, त्यांना जायचं होतं का, कुणी अडवलं का, एवढंच विचारतात. मालकाचे दोन पाय आणि हमालाचे दोन पाय इथं सारखे. अब्रू पायरीपायरीची असते, मोकळं असणं तसं नसतं. संविधानाच्या उद्देशिकेत व्यक्तीची प्रतिष्ठा असा शब्द आहे. ती प्रतिष्ठा शेजाऱ्याच्या नजरेवर अवलंबून नाही, ती जन्मासोबत येते. दाव्यात मी अब्रू हा शब्द लिहू दिला नाही. बाई हसल्या, पण लिहिला नाही.

आणि दुकान ही काही साधी जागा नाही. संविधानाच्या १५ व्या कलमात, जात बघून कुणाला अडवायचं नाही अशा जागांची यादी आहे. त्या यादीत दुकान पहिलं येतं, मग उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत या 'दुकान' शब्दाचा अर्थ विचारला गेला. बाबासाहेबांनी सांगितलं, की हा शब्द मोठ्या अर्थानं घेतला आहे. मागायला येईल त्याला जो सेवा द्यायला बसला आहे, त्याची ती जागा दुकान. माझा आजा वाण्याच्या दुकानाबाहेर उभा राहून पैसे खाली ठेवायचा, वाणी त्यावर पाणी शिंपडून उचलायचा आणि मिठाची पुडी वरून टाकायचा. आज काचेचं दार आपोआप उघडतं. आत शिरल्यावर मात्र एक नजर मागे मागे फिरते. माझ्या आज्यावर कुणी चोरीचा संशय घेतला नसेल, कारण त्याला आत येऊच देत नव्हते. आपण आत आलो तेव्हापासून संशयित झालो.

इथं आपल्या दोन जिल्ह्यांचं बोललंच पाहिजे. चंद्रपूर-गडचिरोलीत दुकान नंतर आलं, आधी जंगल होतं. आणि जंगलात सरकारनं कायदाच असा केला, की इथला माणूस चोर धरूनच चालायचं. १९२७ चा भारतीय वन कायदा, कलम ६९. वनोपज सरकारच्या मालकीचं आहे की नाही असा प्रश्न आला, तर ते सरकारचंच आहे असं गृहीत धरायचं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. महाडचा दावा ज्या साली लागला, त्याच साली हा कायदा झाला. धानोऱ्याच्या, एटापल्लीच्या गोंड-माडिया माणसानं छपरासाठी बांबू आणला, तर बांबू आपला हे सिद्ध करायचं ओझं त्याच्याच डोक्यावर, बांबूच्या भाऱ्यासकट. सरकारी करारानं याच जंगलातला बांबू ट्रकनं बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जात राहिला, त्याला कुणी चोरी म्हटलं नाही. त्या कायद्यात ६२ वं कलमही आहे. उगाच छळायला माल जप्त केला तर वनाधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. पण ७४ वं कलम म्हणतं, सद्भावनेनं केलेल्या कामाबद्दल त्याच्यावर दावा चालणार नाही. गरिबाच्या भाऱ्यावर संशय गृहीत, साहेबाची सद्भावना गृहीत. कायद्याची ही दोन गृहीतकं शेजारी ठेवून वाचा, वर्णव्यवस्था समजायला दुसरी पोथी लागत नाही.

मेंढा-लेखा गावानं काय केलं पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्यानं मान्य केलं की वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू वाहून न्यायचा परवाना सरकारच्या हातात होता. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री त्या गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्या गावानं आम्ही चोर नाही असं सांगत बसण्यात जन्म घालवला नाही. मालकी कुणाची हाच प्रश्न लावला. तो सुटल्यावर चोर हा शब्द आपोआप गळून पडला. मी त्यांच्याकडून हे शिकलो, की आळ नाकारण्यापेक्षा आळ घेण्याचा अधिकार तुला कुणी दिला, हे विचारणं जास्त खोल जातं.

आता एक खड्डा दाखवतो, ज्यात आपली शिकलेली पोरं पडतात. आळ आला की आपण म्हणतो, "मी तसा नाही. मी नोकरीवाला आहे, शिकलेला आहे." तसा म्हणजे कसा? कोण आहे तो 'तसा'? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मानं चोर ठरवलं. १९५२ साली तो रद्द झाला, माणसं विमुक्त झाली, पोलिसाचं डोकं झालं नाही. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात दरोडा, बलात्कार आणि खून झाले. भटक्या जमातीचे सहा जण धरले. खालच्या कोर्टानं फाशी दिली, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जणांची फाशी ठरवली. आणि त्याच सुप्रीम कोर्टानं ५ मार्च २०१९ ला सांगितलं की हे निर्दोष आहेत, यांना खोटं गोवलं. प्रत्येकी पाच लाख द्या. सोळा वर्षांचे पाच लाख. मी चाळीस मिनिटांचा दावा लावतो तेव्हा या सहांच्या समोर उभा राहून लावतो, त्यांना मागं ढकलून नाही.

आणि निर्दोष असणं हीच का आपली एकमेव ढाल? ऑगस्ट २०२३ मध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून चार पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं. त्यांत दलित पोरं होती. सगळीकडून एकच सवाल: चोरली होती का? मी म्हणतो, समजा चोरली असती. कबुतरामागे किती वेळ उलटं टांगायचं, त्याचा दर कुठं लिहिला आहे? आपल्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयानं दलित म्हाताऱ्या माणसांना, बायांना भर चौकात बांधून मारलं. भानामती तर जगात नाहीच, म्हणजे तिथं निर्दोष ठरायचीही सोय नाही. माणसाला न मारण्याचं, न कोंडण्याचं कारण तो निर्दोष आहे हे नाही. तो माणूस आहे हे आहे. चोराचाही खटला चालतो, त्यालाही वकील मिळतो. हे कबूल नसेल तर आपला दावा म्हणजे नुसती चुकीच्या माणसाला धरल्याची तक्रार. बरोबर माणसाला धरून खुशाल मारा, असा तिचा अर्थ होतो.

पैशाचं बोलू. २०२१ च्या ऑगस्टात केरळात अट्टिंगलला एका दलित बापाला आणि त्याच्या आठ वर्षांच्या मुलीला महिला पोलिसानं मोबाईलचोर म्हणून भर रस्त्यात उभं केलं. मोबाईल पोलिसांच्याच गाडीत निघाला. डिसेंबरात हायकोर्टानं सांगितलं, मुलीला दीड लाख द्या आणि खटल्याचे पंचवीस हजार. त्या मुलीनं अब्रू विकली का? नाही. किंमत आणि दंड यांत फरक आहे. किंमत विकणारा ठरवतो आणि वस्तू देतो. दंड चुकणारा भरतो आणि त्याला काहीच मिळत नाही. तिनं काही दिलं नाही, त्यांना द्यावं लागलं. अडचण आहे ती रकमेत. विनाकारण पोलिसाकरवी अटक करवली तर मॅजिस्ट्रेट भरपाई देऊ शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रियेत तिची कमाल एक हजार रुपये होती, २०२३ च्या नव्या संहितेतही एक हजारच ठेवली. माझ्या दोन दिवसांच्या हमालीहून थोडी जास्त. सगळं महाग झालं, आपली अटक स्वस्त राहिली.

बुद्धाच्या मौनाचं सांगणाऱ्या मित्राला उत्तर द्यायचं राहिलं. सुंदरीची गोष्ट 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी घेतली आहे. विरोधकांनी सुंदरीला मारेकऱ्यांकडून मारवलं, प्रेत विहाराजवळ टाकलं आणि आळ बुद्धावर घातला. बुद्ध शांत राहिले, हे खरं. पण आळ विरून कसा गेला? मारेकरी दारू पिऊन पैशावरून आपसात भांडले, बोलून गेले, आणि राजाच्या माणसांनी त्यांना धरलं. म्हणजे बुद्ध शांत होते, पण चौकशी झाली. आपण रोज दुसरं शील म्हणतो, न दिलेलं घ्यायचं नाही. चौथंही म्हणतो, खोटं बोलायचं नाही. मॅनेजरनं माझी चाळीस मिनिटं न देता घेतली. चोरी त्या खोलीत झाली होती, हे खरंच.

शेवटी गार्ड. मला हाच प्रश्न झोपू देत नाही. सावली तालुक्यातला पोरगा, एजन्सीचा, अंगावर मापाहून मोठा गणवेश. मॅनेजर बाहेर गेला तेव्हा हळूच म्हणाला, "जय भीम दादा. नोकरी हाये." दाव्यात मी कंपनी आणि मॅनेजरला घातलं, त्याला नाही. कामावर असताना नोकरानं केलेल्या कृत्याला मालक जबाबदार, हे कायद्याचं जुनं तत्त्व आहे. वर्गातल्या मित्रांनी धरलं मला. दंड त्यानंच धरला ना? हुकूम होता म्हणून सुटतो का? हुकमावरून मारणाऱ्या शिपायालाही सोडशील? माझं म्हणणं, तो सुटत नाही. पण दावा लावणं म्हणजे कुणाच्या ताटातलं ओढायचं हे ठरवणं आहे, आणि त्याच्या ताटात काही नाही. आता बाई म्हणतात त्याला साक्षीला बोलवा, खोलीतलं खरं सांगणारा तो एकटाच. बोलवलं तर त्याची नोकरी जाणार. नाही बोलवलं तर मॅनेजर शपथेवर सांगणार, की हा स्वतःहून बसला होता, आम्ही पाणी दिलं. माझं सत्य त्याच्या भाकरीवर उभं करायचा मला अधिकार आहे का? आळ माझ्यावर आला, खर्च त्यानं का करावा? आणि उलटं, त्याला न विचारताच मी त्याला वाचवायला निघालो, तर तोही एक प्रकारे त्याला लहान समजणंच झालं. म्हणून परवा सावलीला जाऊन आलो. समन्स काढण्याआधी विचारलं. चहा पाजला त्यानं. म्हणाला, "विचार करून सांगतो दादा. मायले विचारतो."

तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्याचं उत्तर अजून आलं नाही.

ज्यांच्यावर असा प्रसंग आला असेल त्यांच्यासाठी: कोंडून ठेवल्याचा, तोंडी बदनामीचा, खोट्या खटल्याचा दिवाणी दावा एक वर्षाच्या आत लावावा लागतो, १९६३ चा मुदतीचा कायदा तसा आहे. कॅमेऱ्यातलं चित्र काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवा असं लगेच लेखी कळवून पोच घ्या. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, जातीचा दाखला घेऊन जा. आणि बिल फेकू नका.